वेंगुर्ल्यात राहून कार्बन फायबरची आडवी रेसिंग सायकल घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : वय 46, घर वेंगुर्ल्यात, रोड बाइकवर दोन तास झाले की मान आखडते आणि हातांना मुंग्या येतात, यंदा 200 किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, करायच्या आहेत, तर साडेपाच लाखांची कार्बनची रिकंबंट, म्हणजे पाठ टेकून पाय पुढे करून चालवायची रेसिंग सायकल, मागवू का?

नको. निदान आत्ता तरी नको. पण तुम्हाला ती का हवीशी वाटते ते मला पक्कं ठाऊक आहे, कारण मी अशी सायकल दोन हिवाळे चालवली आहे. माझी नव्हे, भाच्याची. तो हॉलंडला नोकरीला होता, परत येताना ती सुटी करून खोक्यात भरून घेऊन आला आणि महिन्याभरात बंगळूरला गेला. सायकल राहिली मालवणात आमच्या पडवीत.

आधी चांगलं सांगतो. चिपीचा सडा तुम्हाला माहीत आहे. जानेवारीची सकाळ, रस्ता मोकळा, सपाट कातळ, समोरून वारा. साध्या सायकलवर अशा वेळी आपण हँडलवर ओणवे होऊन नाकाखालचं डांबर बघत असतो. या सायकलवर डोकं मागे टेकलेलं असतं, हात सैल आणि समोर सगळं आभाळ. मान, मनगट, बूड यांपैकी कशाचीच तक्रार नाही. आणि वेग! वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो कापायला लागणारी ताकद घनाने, म्हणजे वेग दुप्पट केला की वाऱ्यासाठी आठपट जोर. बसलेला माणूस वाऱ्याला दारासारखा आडवा येतो, आडवा झालेला माणूस फटीतून गेल्यासारखा जातो. ताशी 35 ला मला साध्या सायकलवर नुसत्या वाऱ्यासाठी 180 वॅटच्या आसपास लागतात, हिच्यावर 120. हे मोजमाप नाही, माझी कागदावरची आकडेमोड आहे, पण मांड्यांनी तिला दुजोरा दिला.

ही काही आजची युक्ती नाही. 1933 साली फ्रान्सिस फॉर नावाच्या दुय्यम दर्जाच्या फ्रेंच रेसरने शार्ल मोशेने बनवलेल्या आडव्या सायकलवर तासाभरात 45.055 किलोमीटर काढले आणि ऑस्कर एगचा 1914 पासूनचा 44.247 चा विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सायकलची व्याख्याच अशी केली की ही त्यात बसेना. आजही त्यांच्या शर्यतींत तिला जागा नाही. ब्रेव्हेला मात्र चालते, पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसच्या 1200 किलोमीटरलाही दर वेळी काही मंडळी आडवी होऊन येतात. त्यामुळे नियमाची चिंता करू नका.

चिंता आपल्या रस्त्याची करा. सागरी महामार्ग नकाशावर किनाऱ्याने जातो, प्रत्यक्षात तो खाडीत उतरतो, सड्यावर चढतो, पुन्हा खाडीत उतरतो. माझं आणि सायकलचं मिळून वजन 85 किलो. 8 टक्क्यांचा चढ ताशी 10 च्या वेगाने चढायचा तर नुसतं ते वजन वर न्यायला 185 वॅट लागतात. त्या वेगाला वाऱ्याचा वाटा पाचेक वॅटचा. म्हणजे साडेपाच लाख मोजून जे विकत घ्यायचं, ते चढावर दीड-दोन वॅट वाचवतं. त्यात पेडलवर उभं राहून अंगाचा भार टाकायची सोय नाही. जे काय करायचं ते पाठ सीटला रेटून, हलक्या गिअरमध्ये, मुकाट्याने. उतारावर ती गेलेला वेळ भरून काढते हे खरं, पण आपल्या उताराच्या तळाशी बहुतेक वेळा वळण, अरुंद मोरी आणि समोरून एसटी असते. तिथे ब्रेक दाबावेच लागतात, मिळवलेलं तिथेच जातं.

खरी फजिती चढावर थांबून पुन्हा निघताना. एक पाय आधीच वर, पेडलवर, दुसऱ्याने ढकलायचं आणि तोही लगेच उचलायचा. पहिले दोन फेरे नीट बसले नाहीत की सायकल डुलते. हँडल जास्त वळलं तर पुढचं चाक टाचेला घासतं. चौक्याच्या वाटेवर एका चढात मागून डंपर आला म्हणून मी थांबलो, निघालो आणि सरळ गटारात. रस्त्याकडेला पाटी घेऊन बसलेल्या मासेवालीने आधी सायकल उचलली, मग मला, आणि म्हणाली, "निजाचा आसा तर घराक जा मा, रस्त्यार कित्याक?" माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं.

खड्ड्यांचं तर बोलायलाच नको. साध्या सायकलवर खड्डा दिसला की आपण बूड उचलतो, इथे उचलायला काही नाही, दणका थेट माकडहाडात. शिवाय स्वतःचेच पाय समोर असल्यामुळे चाकापुढचा हातभर रस्ता दिसत नाही. लोक विचारतात तेवढी ट्रकवाल्याला न दिसण्याची भीती मात्र मला वाटली नाही. मोठ्या चाकांच्या हाय रेसरवर डोकं साधारण मोटारीतल्या माणसाच्या उंचीला येतं, आणि या अवताराकडे न बघता कोणी पुढे जातच नाही.

आता खारी हवा. "कार्बन गंजत नाही" हे विकणारा सांगेल आणि ते खरंच आहे. पण कार्बनमधून वीज वाहते. त्याला ॲल्युमिनियम चिकटलेलं असलं आणि मध्ये मिठाची ओल गेली की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. पहिल्या पावसाळ्यानंतर मी बाटलीच्या स्टँडचे स्क्रू काढायला गेलो तर भोवती रांगोळीसारखी पांढरी पूड. एक स्क्रू आतल्या आट्यांसकट फिरायला लागला. टायर, ब्रेक, गिअर बदलणारे डिरेलर नेहमीचेच, ते पुण्याहून येतात. साखळी तीन जोडून एक करावी लागते, तेही जमतं. फ्रेम, सीट आणि साखळीला वाट देणारी मधली चाकं मात्र तिकडूनच. आणि कार्बनला आतून चीर गेली तर वरून ती दिसेलच असं नाही. गटारात पडल्यानंतर मी आठवडाभर फ्रेमवर नाणं वाजवून कान लावत होतो. हा काही तपास नव्हे, पण मनाचं समाधान.

तुमच्या मानेचं म्हणाल तर आराम पडेल, पण सीट फार आडवी ठेवलीत आणि डोक्याला टेकू नसेल तर मान वेगळ्या जागी दुखते. पाय हृदयापेक्षा वर राहिल्याने सुरुवातीला बोटं बधिर होतात. मांड्यांना नवं वळण लागायला मला सहा आठवडे लागले, तोवर मी जुन्या सायकलपेक्षा हळूच होतो.

म्हणून आधी दोन-तीन हजार खर्चून रोड बाइकचं फिटिंग नीट करून घ्या. हँडल वर घ्या, ते धरून ठेवणारा पुढचा दांडा, म्हणजे स्टेम, आखूड करा. तुमची निम्मी तक्रार बहुधा तिथेच संपेल. तरीही आडवं व्हायचंच असेल तर ॲल्युमिनियमची किंवा स्टीलची जुनी रिकंबंट शोधा. काही किलो जड असेल, पण वाऱ्याचा फायदा अंगाच्या ठेवणीतून येतो, कार्बनमधून नव्हे. तुम्ही सोलापूर-विजापूरकडच्या सपाट मुलखातले असता तर मी कदाचित वेगळं लिहिलं असतं.

आणि पैसे देण्याआधी चालवून बघा. भाच्याची सायकल अजून पडवीतच आहे. दिवाळीनंतर एखाद्या रविवारी मालवणला या, जुने बूट घालून. बूम, म्हणजे पेडल बसवलेली पुढची नळी, तुमच्या पायाच्या मापाला लावून देतो, सड्यावर टेम्पोने नेऊ, पहिले अर्धा तास मी सीट धरून मागे धावेन. हेल्मेट तुमचं तुम्ही आणा, माझ्याला त्या गटारापासून चीर आहे.