तीन जोडण्यांना तीन मीटर? आधी पंपाची वही घाला

प्रश्न: साताऱ्यात गोडोलीत आमची १६ सदनिकांची सोसायटी आहे. मी शिक्षिका म्हणून निवृत्त झाले, घरी आम्ही दोघंच. पाण्याचा खर्च सगळ्यांना सारखा, महिन्याला ७५० रुपये. शेजारी सहा माणसं आणि रोज धुतली जाणारी गाडी, तरी त्यांनाही तेवढाच. वर्षाचा खर्च असा: टँकर ६०,००० (१०,००० लिटरचे ४०), पाणीपट्टी ४८,००० आणि पंपाची वीज ३६,०००. आता घरोघरी मीटर बसवायचा ठराव येतोय. आमच्या वाट्याला १३,५०० रुपये, शिवाय देखभालीचे वर्षाला १,२००. मुदत ठेव मोडून पैसे द्यावेत का?

उत्तर: ताई, ठेव मोडू नका. मुदतीआधी मोडली की बँक कमी दराने व्याज मोजते, आणि एवढ्या रकमेसाठी ते सोसायचं कारण नाही. ठराव झालाच तर हप्ते मागून घ्या. पण मुळात हा खर्च आत्ता करावा का, हे आधी पाहू.

तुमची तक्रार रास्त आहे. इमारतीत ६० माणसं राहतात असं तुम्ही पत्रात पुढे लिहिलंय. १,४४,००० रुपये माणशी वाटले तर दोघांचे ४,८०० होतात आणि तुम्ही ९,००० भरता. म्हणजे ४,२०० जास्त. पण मीटर लागला की हे सगळे वाचतील असं समजू नका. गळती, जिने धुणं, बाग हे पाणी कुणाच्याच मीटरवर येत नाही, ते सगळ्यांच्यातच वाटलं जाणार. शिवाय तुम्ही दिवसभर घरी असता. नोकरदार माणसाचं थोडं पाणी ऑफिसात खर्च होतं, निवृत्तांचं नाही. मी ३,००० रुपयांची बचत धरतो, आणि तीही हात सैल ठेवून.

आता सेक्रेटरी सांगत नाहीत ती गोष्ट. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायटीच्या कारभाराच्या नमुना नियमांत, पाण्याचा खर्च सारखा वाटायला सांगितलेलाच नाही. सदनिकेतल्या नळजोडण्यांची, म्हणजे घरात पाणी आणणाऱ्या पाइपांची, संख्या आणि आकार पाहून तो वाटायचा असतो. तुमच्याकडे आठ घरं तीन जोडण्यांची आणि आठ घरं चारची. एकूण ५६. त्या हिशोबाने तुमचे तीन जोडण्यांचे साधारण ७,७१४ रुपये होतात. म्हणजे एक रुपयाही न घालता वर्षाला जवळजवळ १,२८६ वाचले. मग मीटरचा निव्वळ जादा फायदा उरला १,७१४, त्यातून देखभाल वजा जाता ५१४. आणि १३,५०० रुपये ७ टक्क्यांच्या ठेवीत राहिले तर वर्षाला ९४५ देतात. व्यवहार तोट्याचा आहे, आणि मीटर कधीतरी बदलावा लागेल हे तर मी धरलेलंच नाही.

मीटरवर माझा राग नाही. कराडशेजारच्या मलकापुरात घरोघरी मीटर, चोवीस तास पाणी आणि जास्त वापराला चढता दर अशी योजना चालवली गेली. आकडा समोर दिसला आणि खिशाला लागला की माणूस नळ बंद करतो, हे खरंच आहे. पण तिथे घराला एक जोडणी, एक मीटर. तुमच्या इमारतीत गच्चीवरून स्वयंपाकघर आणि दोन्ही बाथरूमसाठी वेगवेगळे पाइप उतरतात, म्हणून एका घराला तीन मीटर. पुढेमागे पाइप बदलायचे झाले तर घरटी एकच जोडणी करून घ्या, तेव्हा मीटर स्वस्तात बसेल.

तुमचा खरा पैसा टँकरमध्ये जातोय. १५ पैशांना लिटर. त्यामुळे उन्हाळ्यात वाचलेला प्रत्येक लिटर पाणीपट्टीच्या दराने नाही, या १५ पैशांनी मोजायचा. फ्लशच्या टाकीतून भांड्यात बारीक धार सुटते, ऐकूही येत नाही. मिनिटाला २०० मिलिलिटर, म्हणजे एक पेला, धरला तर दिवसाला २८८ लिटर होतात. अशा तीन टाक्या गळत असतील तर १०० दिवसांत ८६,४०० लिटर, म्हणजे साडेआठ टँकर, जवळजवळ १३,००० रुपये. धार याहून बारीक असली तर साधा मीटर ती पकडेलच असं नाही, काटा हलतच नाही.

म्हणून आधी मोजा, आणि फुकट मोजा. गच्चीवरच्या टाकीची आतली लांबी-रुंदी काढा. ४ मीटर बाय अडीच मीटर असेल तर पातळी १ सेंटिमीटर चढली की १०० लिटर. उतरते वॉल्व्ह बंद करून दहा मिनिटं पंप चालवा, झाकणातून खूण केलेली काठी घालून पातळी किती चढली ते बघा. पंप मिनिटाला किती लिटर चढवतो ते कळेल. पुढे वॉचमनने पंप चालू-बंदची वेळ वहीत लिहायची, बस. बाहेरून येणाऱ्या मुख्य जोडणीवर मीटर लावण्यापेक्षा हे बरं. तिथे पाणी येण्याआधी पाइपातली हवाच काटा फिरवते.

एका रात्री बारा वाजता पंप बंद ठेवून पातळी टिपा, पहाटे पाचला पुन्हा टिपा. सगळे झोपलेले असताना ६ सेंटिमीटर उतरली असेल तर ६०० लिटर कुठेतरी वाहतायत. शेजाऱ्याच्या गाडीकडे बोट दाखवण्याआधी प्लंबरला बोलवा.

महिन्याच्या वहीचा अर्थ असा लावा. शहरासाठी माणशी १३५ लिटर हे सरकारी प्रमाण. ६० माणसांना रोज ८,१०० लिटर. रात्रीची गळती नगण्य आणि तरीही रोजचा आकडा १२,००० च्या घरात असेल, तर दोष सवयीचा आहे, आणि मग मीटरला मी स्वतः होकार द्या म्हणेन, तोटा सोसूनही. टँकर कमी झाले तर तो भरून निघू शकतो.

सभेत नुसतं विरोधात मत देऊ नका, वाईटपणा येतो. ‘एक महिना नोंद करून पुढच्या सभेत निर्णय’ अशी दुरुस्ती सुचवा. जोडण्यांप्रमाणे वाटणीचा विषय मात्र विषयपत्रिकेत आधी यायला हवा, ऐनवेळी कुणी घेणार नाही. सेक्रेटरींना लेखी पत्र याच आठवड्यात द्या आणि पोच घ्या. चार जोडण्यांची आठ घरं कुरकुरतील, त्यांच्यापैकी एखाद्याशी आधी बोलून ठेवा.