खरखरीच्या मागे काय ऐकायचं?

प्रश्न: मला आयरिश इलन पाइप्स (भात्याने हवा भरून वाजवायचं पिशवीचं वाद्य) खूप आवडतात, पण त्यांचा वादक पॅट्सी टूही याची जुनी रेकॉर्डिंग्ज लावली की नुसती खरखर, आणि सूर चिमट्यात धरल्यासारखा. जाणकार एवढे भारावून का बोलतात? मला काय ऐकू येत नाहीये?

उत्तर: पहिल्यांदा माझंही अगदी हेच झालं होतं. टूही मूळचा गॉलवेचा, लहानपणीच अमेरिकेत गेला आणि १९०१ च्या सुमारास स्वतःचं वाजवणं मेणाच्या सिलिंडरांवर रेकॉर्ड करून विकायचा. एका सिलिंडरवर जेमतेम दोन-अडीच मिनिटं मावायची, भोंग्यातून आवाज पकडायचा म्हणजे ड्रोनची, म्हणजे सतत एकच सूर धरणाऱ्या नळ्यांची, खालची घुमार बरीचशी गळूनच जायची आणि चँटर, म्हणजे धून वाजवायची भोकांची नळी, तेवढा पुढे यायचा. शिवाय फिरण्याचा स्पीड सगळीकडे सारखा नसायचा, म्हणून कॉपी चुकीच्या स्पीडने केली असेल तर लय आणि पट्टी दोन्ही चढतात, तुमचा चिमटा बहुतेक तोच! स्पीड थोडा कमी करून बघा.

आता खरी गोष्ट. हवा कोपराखालच्या भात्यातून पिशवीत आणि तिथून सतत येत राहते, त्यामुळे सूर आपोआप थांबतच नाही. थांबवायचा तर सगळी भोकं बंद करून चँटरचं तोंड मांडीवरच्या चामड्यावर दाबायचं. टूही हे इतक्या झपाट्याने करतो की तीन-तीन सुटे स्वर टकटकटक असे तुटून पडतात आणि मधली शांतता लख्ख ऐकू येते, खरखरीतूनसुद्धा. ड्रोन गेला तर गेला, ही कारागिरी मेणावर टिकलीये. एकच रील (वेगवान नाचाची धून) घ्या, धून विसरा, नुसत्या त्या फटी ऐका.

आणि लगेच जॉनी डोरन लावा. तो भटक्या समाजातला पाइपर, त्याचं रेकॉर्डिंग १९४७ मध्ये डब्लिनला लोककथा आयोगासाठी केविन डॅनहरने डिस्कवर केलं. इथे उलटं, चँटर मांडीवरून बराच वेळ उचललेला, सूर एकमेकांत वाहत जातात, मध्येच रेग्युलेटरच्या, म्हणजे पट्ट्या लावलेल्या जादा नळ्यांच्या, पट्ट्यांवर मनगट पडून खालून कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) उसळतात. पुढच्याच वर्षी त्याच्या कॅरॅव्हॅनवर भिंत कोसळली, १९५० मध्ये तो गेला, आणि त्याचं वाजवणं म्हणून आपल्याकडे एवढ्याच डिस्क आहेत. मला त्या ऐकताना दर वेळी गलबलून येतं.

डोरन ऐकून झाला की परत टूहीकडे या, हेडफोन लावून. तुटक आणि वाहतं यातला फरक एकदा कानाला लागला की खरखर मागे पडते, माझी तरी तशीच पडली.