बेळगावातल्या किती टक्के लोकांना महाराष्ट्रात जायचंय, हे सांगणाऱ्या पोलवर विश्वास ठेवावा का?
प्रश्न कोणत्या शब्दांत आणि कुणाला विचारला हे बातमीत नसेल, तर ठेवू नका. बेळगाव शहरातल्या शहापूर-वडगावच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरलेली लिंक चॅनेलवर ‘जिल्ह्याचा कौल’ होते. जिल्ह्यातलाच सौंदत्ती-रामदुर्गचा कन्नड पट्टा त्यात नसतोच. दुसरी चलाखी जास्त वाईट: ‘सरकारी कागदपत्रं मराठीतही हवीत का?’ याला आलेलं ‘हो’ थेट ‘महाराष्ट्रात जायचंय’ म्हणून छापायचं. पलीकडची बाजूही काही कमी नाही. २०१८ आणि २०२३ च्या कर्नाटक विधानसभेत, बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही आमदार आला नाही, म्हणून प्रश्नच मिटला म्हणे! २०१८ ला समितीतच दोन गट होते, हे सोयीस्कर विसरतात. मात्र नमुना नीट निवडलेला असेल, तर हजारभर लोकांचा पोलही पुरतो.