चौकट दिसली नाही, म्हणजे माग नाही?

प्रश्न : जर्मनीत मुलाकडे असताना नेहमीची मराठी बातम्यांची साइट उघडली, की आधी कुकींच्या संमतीची चौकट यायची. नाशिकला परतल्यावर तीच साइट थेट उघडते. आपल्याकडे वाचकांचा माग काढत नाहीत का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : काढतात, फक्त विचारत नाहीत. तुम्ही कुठल्या देशात आहात, हे साइटला आयपी पत्त्यावरून, म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून, कळतं. युरोपीय संघात जाहिरातीची कुकी, म्हणजे तुम्हाला ओळखायला साइट ठेवते ती छोटी नोंद, फोनमध्ये ठेवण्याआधीच परवानगी घ्यावी लागते. आधीच टिक करून ठेवलेली चौकट ही संमती नव्हे, असं तिथल्या न्यायालयानं १ ऑक्टोबर २०१९ला स्पष्ट केलं. साइट मराठी असली तरी तिच्यावर गूगलच्या जाहिराती असतील, तर १६ जानेवारी २०२४पासून युरोपातल्या वाचकांना गूगलनं प्रमाणित केलेली चौकट दाखवावी लागते. नाहीतर तिथे आवडीनिवडीवर बेतलेल्या जाहिराती मिळत नाहीत, उत्पन्न घटतं.

पुन्हा गेलात, तर एक जपा. पहिल्या पडद्यावर नकाराचं बटण नसेल, तर 'मॅनेज ऑप्शन्स' उघडा. तिथे संमतीची बटणं बंद दिसतात, पण 'लेजिटिमेट इंटरेस्ट'ची, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या 'वैध हिता'ची, बटणं वेगळी असतात आणि बहुधा चालू असतात. कारण त्या आधारावर कंपनीला संमती लागत नाही, हरकत तुम्हाला घ्यावी लागते. तीही बंद करा, मगच 'सेव्ह' दाबा. नकाराची वाट अशी लांबवणं चुकीचंच आहे. स्वीकार एका टिचकीत आणि नकाराला अनेक, याच कारणासाठी फ्रान्सच्या नियामकानं २०२१च्या अखेरीस गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड केला.

आपल्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही संमती मोकळेपणानं, स्पष्ट कृतीतून दिलेली हवी, आणि तिची सूचना मराठीत मिळण्याची सोय हवी. पण नियम आले नोव्हेंबर २०२५मध्ये, आणि संमतीच्या तरतुदींना त्यापुढे १८ महिन्यांची मुदत आहे. तोवर बंदोबस्त आपणच करायचा. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, थर्ड-पार्टी कुकीज (म्हणजे साइटखेरीज इतर कंपन्यांच्या कुकी) इथे जाऊन त्या अडवा. एखाद्या साइटवर लॉगिन किंवा व्हिडिओ अडला, तर तेवढ्याच साइटला सूट द्या. बातम्यांच्या ॲपवर मात्र याचा परिणाम होत नाही. ॲप जाहिरात-ओळखक्रमांक, म्हणजे जाहिरातींसाठी फोनला दिलेला क्रमांक, वापरतात. तो फोनच्या सेटिंग्जमध्ये गूगल, मग ॲड्स इथून डिलीट करता येतो.

प्रश्न : युरोपात घाईत 'ॲक्सेप्ट ऑल' दाबलं तर?
– एक वाचक, पुणे

उत्तर : संमती देण्याइतकंच ती मागे घेणं सोपं असलं पाहिजे, असं जीडीपीआर हा युरोपीय संघाचा माहिती-संरक्षण कायदा सांगतो. पानाच्या तळाशी 'प्रायव्हसी सेटिंग्ज' किंवा 'कुकी सेटिंग्ज' शोधा आणि निवड बदला. ते सापडलं नाही, तर त्या साइटच्या कुकी पुसा, चौकट पुन्हा येईल. नुसतं पुसून थांबू नका: तोवर कंपन्यांकडे गेलेली माहिती तिकडेच राहते, ती काढायला वेगळी मागणी करावी लागते. शिवाय निवड त्या ब्राउझरपुरतीच असते. लॅपटॉपवर ती पुन्हा करावी लागेल.