राजवाड्याजवळ घर घ्यावं का? आधी सांगा, घरात पायी फिरणारं कोण आहे

तुमचा प्रश्न वाचला, त्यावर आलेली उत्तरंही वाचली. पुण्याहून साताऱ्याला कायमचे येताय. यजमानांची नोकरी एमआयडीसीत, मुलगी चौथीत, सासूबाई ७२ वर्षांच्या. राजवाड्याजवळच्या जुन्या वस्तीत, यादोगोपाळ पेठेत, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट बघितलाय, आणि तेवढ्याच पैशांत पेठांबाहेर, शाहूपुरीत छोटं रो-हाउस मिळतंय. एकानं लिहिलंय, "पेठेत चुकूनही जाऊ नका, गाडी लावायला जागा नाही." दुसरे म्हणतात, "राजवाड्यापासून लांब राहायचं तर साताऱ्यात येताच कशाला?" तुम्ही गोंधळला असाल यात नवल नाही.

माझा जन्म चिमणपुऱ्यातला. लग्न होऊन व्यंकटपुऱ्यात आले, दोन्ही जुन्या पेठाच. पुढे १४ वर्षं शाहूपुरीत स्वतःच्या बंगल्यात राहिले आणि गेली ९ वर्षं पुन्हा पेठेत आहे. दोन्हीकडचं सुखदुःख भोगलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

भांडणारे सगळेच खरं बोलताहेत. ज्याच्या हातात गाडीची किल्ली आहे त्याला पेठ नकोशी होते. ज्याला स्वतःच्या पायांवरच फिरायचंय त्याचं पेठेबाहेर अडतं. लोक आपापल्या सोयीचं सांगतात, पण घरात दोन्ही प्रकारची माणसं असतात हे कोणी बोलत नाही. तुमच्या घरात गाडी चालवणारे दोघं आहेत आणि पायी फिरणाऱ्या दोघी. त्या दोघींचं मत कोणी विचारलंय का?

माझ्या सासूबाईंचं सांगते. व्यंकटपुऱ्यात असताना चार वाजले की त्या कापडी पिशवी घेऊन बाहेर पडायच्या. राजवाड्याजवळच्या मंडईत जाऊन दोन ठिकाणी भाव विचारायच्या, तिसरीकडे घ्यायच्या. मग देऊळ, औषधाचं दुकान, वाटेत भेटेल तिच्याशी पाच मिनिटं, आणि दिवेलागणीला घरी. येताना कोथिंबिरीबरोबर सगळ्या गल्लीची खबर आणायच्या. शाहूपुरीत आलो तेव्हा आम्ही नवरा-बायको खूश होतो. मोकळी हवा, दारात गाडी, अंगणात पारिजातक. त्या मात्र रोज पाचच्या सुमारास पिशवी मांडीवर घेऊन पोर्चमध्ये बसायच्या आणि विचारायच्या, "आज कुणी राजवाड्याकडं जाणार आहे का?" अंतर दोन किलोमीटरच्या आसपास, पण जाताना चढ, आणि रिक्षा फोन करून बोलवावी लागायची. आपल्यासाठी कुणी रिक्षाचे पैसे घालावेत हे त्यांना पटायचं नाही. कधी आम्ही नेत होतो, बऱ्याचदा "उद्या जाऊ" म्हणत होतो. दोन-तीन वर्षांनी त्यांनी विचारणं बंद केलं. ते बंद झालंय हे माझ्या लक्षात यायला आणखी वर्ष गेलं. पिशवी दाराच्या खिळ्याला तशीच अडकवलेली होती.

आम्ही परत पेठेत आलो त्याचं खरं कारण हे. त्या आल्या तेव्हा गुडघे थकले होते, पहिल्यासारखं फिरणं झालं नाही. तरी दुकानापर्यंत जाऊन यायच्या, ओट्यावर बसायच्या. आम्ही पाच वर्षं आधी यायला हवं होतं असं मला आजही वाटतं.

आता पेठेची दुसरी बाजू, आणि ती मी झाकणार नाही.

परत आल्यावर दुसऱ्याच वर्षी, गणपतीत, रात्री नऊच्या सुमारास सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं. गल्लीच्या तोंडाशी मंडप. रुग्णवाहिका आली, पण आत येईना. चालक मागेपुढे करून पाहत होता आणि मी गॅलरीतून नुसती हात हलवत होते. शेवटी मंडळाचीच चार पोरं धावत आली. प्लास्टिकच्या खुर्चीत सासऱ्यांना बसवलं, खुर्ची उचलून मंडपाच्या कडेनं गाडीपर्यंत नेली. एकानं तोवर जाऊन स्पीकर बंद केला होता. सासरे वाचले. पण त्या सात-आठ मिनिटांत माझा जीव कुठे होता ते मलाच माहीत. शाहूपुरीत गाडी थेट पायरीशी लागली असती. उलट शाहूपुरीत रात्री नऊला खुर्ची उचलायला चार पोरं कुठून आणली असती, तेही सांगता येत नाही. त्या वर्षापासून मंडप घालायच्या आधी मी स्वतः मंडळाच्या मुलांकडे जाते आणि एका बाजूनं गाडी जाईल एवढी वाट सोडायला सांगते. सोडतात. आधी जाऊन सांगितलं तर ऐकतात, मंडप उभा राहिल्यावर सांगितलं तर वाद होतो.

आवाजाचा त्रास खरा आहे, तो कमी लेखू नका. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांत आहे. पण मिरवणुकीच्या रात्री भिंतीला हात लावला तर भिंत थरथरताना कळते. पूर्वी मंगळवार तळं, मोती तळं ही विसर्जनाची ठिकाणं होती. आता मोठ्या मूर्ती बुधवार नाक्याच्या कृत्रिम तळ्याकडे जातात. म्हणजे शाहूपुरीच्या वाटेवर. तेव्हा तिकडे सगळी शांतता असंही समजू नका. दसऱ्याला राजघराण्याच्या जलमंदिर वाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत मिरवणूक निघते, तेव्हा मात्र आमच्या गल्लीतली म्हातारी माणसंसुद्धा खुर्च्या घेऊन रस्त्याच्या कडेला बसतात. तो दिवस मला पेठेबाहेर काढवत नाही.

वाहतुकीबद्दल बाहेरून येणाऱ्यांना एक गोष्ट लक्षात येत नाही. साताऱ्याला मध्य एक नाही, दोन आहेत. राजवाडा-मोती चौक हा बाजाराचा, जुन्या पेठांचा. पोवई नाका हा कचेऱ्यांचा: कलेक्टर ऑफिस, कोर्ट, जिल्हा परिषद, एसटी स्टँड सगळं त्या अंगाला. सदर बाजार ही इंग्रजांच्या छावणीची बाजू, म्हणून तिथे रस्ते रुंद आणि बंगले ऐसपैस. पेठा त्याच्या आधीच्या, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी उतारावर वसलेल्या. त्या गल्ल्या माणसं, पालख्या आणि फार तर बैलगाड्यांसाठी होत्या. दोन्हींना जोडणारे राजपथ आणि खालचा रस्ता, आणि सगळा ताण या दोनच रस्त्यांवर. पोवई नाक्याला २०२१ मध्ये ग्रेड सेपरेटर, म्हणजे चौकाखालून जाणारा रस्ता, सुरू झाला, तिथला खोळंबा बराच कमी झाला. पण तिथून सुटलेली गाडी पुढे मोती चौकात येऊन अडकतेच.

यजमानांना रोज एमआयडीसी गाठायची आहे, म्हणजे गावाच्या दुसऱ्या टोकाला. पेठेतून निघाले तर अख्खं गाव ओलांडून जायचं. सकाळी आठच्या आत निघणार असतील तर काही वाटणार नाही. दहाला निघणार असतील तर रोज चिडचिड होईल, आणि ती चिडचिड घरात येते.

आणखी एक, जे आमच्याकडे मुरलेल्या माणसांनाच माहीत असतं. यादोगोपाळ पेठेजवळून समर्थ मंदिर, तिथून यवतेश्वरचा घाट आणि पुढे कास. कासच्या पठाराचं नाव २०१२ नंतर जगभर झालं, पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आलं. त्यामुळे सप्टेंबरात फुलं फुलली की शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग आमच्या दारावरून जाते. त्या दिवसांत आम्ही भाजी शुक्रवारीच आणून ठेवतो. पाहुण्यांवर माझा राग नाही, फुलं बघायला यावंच. पण फ्लॅटची खिडकी त्या रस्त्यावर उघडते की आतल्या गल्लीत, हे आधी बघा. पेठेत मुख्य रस्त्यावरचं घर आणि तिथून तीस पावलं आतलं घर यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. जे "पेठेत झोप लागत नाही" म्हणतात ते बहुतेक रस्त्यावरचे असतात. जे "पेठेसारखी शांतता नाही" म्हणतात ते दुसऱ्या-तिसऱ्या गल्लीतले. पेठ एकच.

पाण्याचं म्हणाल तर पश्चिमेकडच्या जुन्या पेठांना कासचं पाणी आहे. ते डोंगरउतारानं येतं, आणि त्याची गोडी लहानपणापासून जिभेवर असल्यामुळे दुसरं पाणी मला अजून आवडत नाही. शाहूपुरीत आम्हाला जीवन प्राधिकरणाचं पाणी होतं. २०२० मध्ये हद्दवाढ होऊन शाहूपुरी पालिकेत आली, त्याआधी आम्ही ग्रामपंचायतीत होतो. कचऱ्याची गाडी, रस्त्यावरचे दिवे यासाठी मारलेले हेलपाटे मी विसरलेले नाही. दोन्हीकडे पाणी ठरावीक वेळीच येतं. तिसऱ्या मजल्यावर ते दाबानं चढत नाही, तेव्हा खालच्या टाकीचा आकार आणि मोटार कोण चालू करतं हे विचारा. आमच्या इमारतीत या एका गोष्टीवरून दोन घरांचं बोलणं तुटलंय.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. पेठेत जागेचं मालमत्ता पत्रक बघायचं, त्यावर कुणाकुणाची नावं आहेत ते वाचायचं. जुने वाडे पाडून झालेल्या इमारतींत भाऊबंदकी आणि जुने भाडेकरू दोन्ही असतात. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबानं असाच फ्लॅट घेतला. राहायला गेल्यावर दोन वर्षांनी तळमजल्याच्या जुन्या भाडेकरूनं पार्किंगच्या जागेवर हक्क सांगितला आणि बांधणारा फोन उचलेनासा झाला. शाहूपुरीत सात-बारा आणि बिगरशेतीचा आदेश तपासा. दोन्हीकडे भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला, हातात घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

मुलीचा विचार करा. पेठेत तिची शाळा चालत होईल. १९०० साली ७ नोव्हेंबरला भीमराव आंबेडकरांचं नाव ज्या शाळेत दाखल झालं ती आजची प्रतापसिंह हायस्कूल राजवाड्याचीच. तो दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. राजवाड्यावरून रोज शाळेत जाताना मुलांना हे कुणी शिकवावं लागत नाही, येता-जाता कानावर पडतं. माझी मुलगी शाहूपुरीत असताना व्हॅननं जायची आणि आठवीपर्यंत तिला एकटीनं रस्ता ओलांडता येत नव्हता. धाकटा पेठेत वाढला. दहाव्या वर्षी तो एकटा जाऊन नगर वाचनालयातून पुस्तक बदलून आणायचा. वाटेवरच्या प्रत्येक दुकानदाराला तो कुणाचा हे माहीत होतं, म्हणून मला धास्ती नव्हती. पण खेळायला मैदान म्हणाल तर शाहूपुरीतली मुलं संध्याकाळभर रस्त्यावर क्रिकेट खेळायची, ते पेठेत नाही. इथे चेंडू दर दोन मिनिटांनी कुणाच्या तरी गाडीखाली जातो.

या सगळ्यात तुम्ही एक गोष्ट लिहिलेली नाही. त्या इमारतीला लिफ्ट आहे का? असेल तर वीज गेल्यावर ती चालते का? कारण माझा सगळा कौल पेठेकडे आहे तो सासूबाईंच्या आणि मुलीच्या पायांसाठी. ७२ वर्षांच्या बाईला तीन जिने उतरून चढावे लागणार असतील, तर मंडई पाच मिनिटांवर असून काय उपयोग? त्या गॅलरीत बसून खालची वर्दळ बघत राहतील, आणि ते शाहूपुरीच्या पोर्चपेक्षाही वाईट. लिफ्ट नसेल तर हा फ्लॅट घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगेन. त्याच पेठेत आतल्या गल्लीत पहिल्या मजल्याचं जुनं घर शोधा, एक खोली कमी मिळाली तरी चालेल. यजमानांची गाडी लावायची सोय थोडी लांब, महिन्याच्या भाड्यानं करता येते. रो-हाउस घ्यायचं ठरलं तर शाहूपुरी चौकापासून ते किती आत आहे, वाटेत चढ किती आणि पायी जाण्याच्या अंतरावर किराणा, औषधं, देऊळ काय काय आहे हे मोजून घ्या.

जमलं तर एक वर्ष भाड्यानं राहा, एका गणपतीपासून दुसऱ्या गणपतीपर्यंत. पाऊस, कासचा हंगाम, लग्नसराई सगळं त्यात येतं. तेवढा वेळ नसेल तर येत्या शनिवारी सासूबाईंना घेऊन या. संध्याकाळी पाचला त्यांना राजवाड्याजवळच्या गोल बागेपाशी उतरवा आणि फ्लॅटपर्यंत चालत जाऊ द्या. तुम्ही चार पावलं मागून चाला. त्या कुठे थांबतात, कुठे दम लागतो, कुणाशी बोलतात ते बघा. वरती पोचल्यावर पाणी द्या आणि विचारा, "उद्या परत एकट्या याल का?"