फॉरमॅट मारू नका भाऊ, आधी ते मधलं बटन बघा

भाऊ, तुमचं परभणीत खत-बियाण्याचं दुकान, नवीन कॉम्प्युटर घेतल्यापासून बिलिंगचा जुना प्रोग्राम बारक्या विंडोत उघडायलाय, काही केलं तरी फुल स्क्रीन होईना आणि रिपेरिंगवाला पोरगा म्हणायलाय फॉरमॅट मारावं लागंल. तर फॉरमॅट अजिबात मारू देऊ नका. लातूरच्या मोंढ्यात एका अडत दुकानात असंच फॉरमॅट मारलं, बॅकअप नव्हता, दोन वर्षांची उधारी गेली आणि विंडो शेवटी बारकीच राहिली, कारण दोष विंडोजचा नव्हताच.

विंडोच्या उजव्या कोपऱ्यात वरी तीन बटनं असतात, त्यातलं मधलं चौकोनी, म्हणजे विंडो मोठी करायचं मॅक्झिमाइजचं बटन, बघा. ते फिक्कट पडलंय का चालू आहे, सगळं ह्याच्यावर आहे.

चालू असंल तर काम सोपंय. विंडोवर क्लिक करा, अल्ट धरून स्पेसबार दाबा, छोटा मेन्यू उघडतो, मग कीबोर्डवरचं एक्स अक्षर दाबा. मोठी झाली पण दरवेळी परत बारकीच उघडायली तर डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथं रन समोर मॅक्झिमाइज्ड निवडा, आणि मग त्याच शॉर्टकटवरून उघडत जा. विंडो दिसेनाच झाली असंल तर कधीतरी टीव्ही नाहीतर दुसरा मॉनिटर जोडला होता का आठवा. काही प्रोग्राम शेवटची जागा लक्षात ठेवतात आणि वायर काढली तरी तिथंच उघडायला बघतात. तेव्हा अल्ट-स्पेस आणि आर, परत अल्ट-स्पेस आणि एम, मग बाणाचं कुठलंही एक बटन एकदाच, आता नुसता माउस हलवा, विंडो माउसला चिकटून स्क्रीनवर येते, क्लिक केलं की सुटते.

पण मला वाटतंय तुमचं बटन फिक्कट असणार. जुने बिलिंगचे प्रोग्राम लई करून व्हिज्युअल बेसिक ६ मधले, ते प्रोग्राम बनवायचं मायक्रोसॉफ्टचं साधन, १९९८ चं. तेव्हाच्या मॉनिटरच्या हिशोबानं ८०० बाय ६०० ठिपक्यांचा (पिक्सेलचा) फॉर्म, म्हणजे प्रोग्रामची विंडो, बनवायचे आणि मॅक्झिमाइजचं बटन बनवतानाच बंद करून ठेवायचे, नाहीतर विंडो ताणली की रकाने तिथंच आणि बाजूला नुसती रिकामी जागा. आता तुमचा मॉनिटर १९२० बाय १०८० चा असंल तर तो फॉर्म पाव स्क्रीनसुद्धा भरत नाही. त्या अडत दुकानातले मुनीमजी चष्मा कपाळावर सरकवून, नाक काचेला लागंल इतकं वाकून सोयाबीनचं वजन वाचायचे, बघवत नव्हतं.

अशा विंडोला मोठं करायचं तर डिस्प्ले सेटिंगमधी जाऊन स्केल १०० चं १५० करा, प्रोग्राम बंद करून परत उघडा. विंडोज तीच विंडो ताणून १२०० बाय ९०० एवढी दाखवतं. नाही झालं तर प्रोग्रामच्या मूळ फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज, सगळ्यात खाली टिक करून सिस्टिम निवडा. अक्षरं जराशी पुसट येतील, पण बिल करताना अडत नाही. रिझोल्यूशन कमी करायचंच झालं तर १३६६ बाय ७६८ ठेवा, १०२४ बाय ७६८ नको, रुंद मॉनिटरवर अक्षरं चपटी दिसतात.

आणि ह्यातलं काहीही करायच्या आधी प्रोग्राम बंद करून त्याचं अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करून घ्या, डेटा दुसऱ्या फोल्डरात असंल तर तेही घ्या. मधलं बटन फिक्कट आहे का चालू, तेवढं बघून सांगा, मग पुढचं बघू.