वाचक विचारतात : अवयवदान आणि संमती

प्रश्न : माझा धाकटा भाऊ अपघातानंतर अतिदक्षता विभागात होता. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, ‘ब्रेन डेड आहे’, आणि लगेच अवयवदानाचं विचारलं. मॉनिटरवर ठोके दिसत होते, अंग गरम होतं, एकदा हातही हलला. ही घाई अवयवांसाठी तर नव्हती? (सांगली)

हृदयाला धडधडायला मेंदूचा हुकूम लागत नाही, त्याला स्वतःची विद्युतयंत्रणा असते. व्हेंटिलेटर प्राणवायू पुरवत राहिला तर मेंदूकांड (श्वास आणि जाग सांभाळणारा मेंदूचा बुडाचा भाग) मेल्यावरही हृदय काही तास, कधी काही दिवस चालतं. हाताची हालचाल पाठीच्या कण्यातून होते. दोन्ही हात उचलले जाऊन छातीवर येण्याचा प्रकारही मेंदूमृत माणसात दिसतो. पाहणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो, पण त्यात मेंदूचा भाग नसतो. याची कल्पना घरच्यांना आधीच द्यायला हवी. बहुतेक ठिकाणी ती दिली जात नाही आणि संशयाचं मूळ तिथेच असतं.

आता ‘घाई’बद्दल. 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार मेंदूमृत्यू चार डॉक्टर मिळून जाहीर करतात : रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर, सरकारमान्य यादीतले एक स्वतंत्र तज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदूचे शल्यविशारद, आणि रुग्णावर उपचार करणारे डॉक्टर. मेंदूचे तज्ज्ञ उपलब्ध नसतील तर 2011 च्या दुरुस्तीनुसार सर्जन, फिजिशियन, भूलतज्ज्ञ किंवा अतिदक्षता तज्ज्ञ चालतात. प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतला कोणीही या चौघांत नसावा. तपासण्या दोनदा होतात आणि दोहोंमध्ये किमान 6 तासांचं अंतर लागतं. नोंद कायद्याने ठरवलेल्या ‘नमुना 10’ या छापील अर्जावर होते.

डोळ्यात उजेड टाकून बाहुली आकसते का, बुबुळाला कापसाचा स्पर्श केल्यावर पापणी हलते का, कानात बर्फगार पाणी सोडल्यावर डोळे सरकतात का, घशात नळी हलवल्यावर खोकला येतो का, हे सगळं पाहिलं जातं. शेवटी श्वासाची चाचणी. आधी पूर्ण प्राणवायू देऊन व्हेंटिलेटर काढतात, श्वासनलिकेत बारीक नळीने प्राणवायू चालू ठेवतात आणि 8 ते 10 मिनिटं छाती-पोटावर नजर ठेवतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड 60 मिमी पारा (दाबाचं माप) याच्या वर जाऊनही श्वासाची धडपड नसेल, तर मेंदूकांड काम करत नाही. मध्येच रक्तदाब कोसळला तर चाचणी थांबवावी लागते.

चूक होऊ शकते ती तपासणीच्या आधीच्या पायरीवर. झोपेच्या किंवा स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांचा अंमल शिल्लक असेल, शरीर थंड पडलं असेल, सोडियम किंवा साखर फार बिघडली असेल, तर निष्कर्ष फसवा ठरतो. मूत्रपिंडं मंदावलेल्या रुग्णात ही औषधं रेंगाळतात. म्हणून घरच्यांनी दोन प्रश्न विचारावेत : ‘शेवटचं गुंगीचं औषध केव्हा दिलं?’ आणि ‘दोन्ही तपासण्यांच्या वेळा काय?’ हे विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे.

अवयवदानाबद्दल विचारणं हे डॉक्टरांचं कायदेशीर कर्तव्यच आहे, 2011 च्या दुरुस्तीने ते घातलं. प्रश्न आहे तो क्रमाचा. मृत्यूची बातमी आणि दानाची विनंती एकाच दमात, तीही पहिल्या तपासणीनंतर, करणं गैर. आधी मृत्यू समजावून सांगावा, माणसांना बसू द्यावं, मग समन्वयकाने (अवयवदानाचं काम पाहणारा रुग्णालयाचा माणूस) स्वतंत्रपणे बोलावं.

प्रश्न : आम्ही नकार दिला असता तर व्हेंटिलेटर काढला असता का? (त्याच वाचकाचा पुढचा प्रश्न)

इथे कायद्याचं घोंगडं भिजत पडलं आहे. प्रत्यारोपणाच्या कायद्यात मेंदूमृत्यू हा मृत्यू आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्याची व्याख्या मात्र जीवनाच्या सर्व खुणा कायमच्या नाहीशा होण्याची आहे. त्यामुळे नातेवाईक ‘नाही’ म्हणाले की अनेक रुग्णालयं व्हेंटिलेटर काढायला कचरतात आणि बिल चालू राहतं. होकार दिला तर माणूस मेलेला, नकार दिला तर रुग्ण, ही विसंगती आम्हाला नैतिकदृष्ट्या पटत नाही. केरळने 2020 मध्ये मेंदूमृत्यूबाबत स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. देशभर एकच व्याख्या व्हायला हवी.

प्रश्न : सासऱ्यांचं डायलिसिस चालू आहे. मूत्रपिंड देण्याच्या बाबतीत नवरा आणि नणंद दोघांनीही माघार घेतली. माझा रक्तगट जुळतो म्हणून सगळे माझ्याकडे बघतात. मी 27 वर्षांची आहे, अजून मूल नाही. ‘नाही’ म्हटलं तर घरात राहणं कठीण. (सोलापूर जिल्हा)

ताई, सर्वांत आधी कायद्यातली जी गोष्ट तुम्हाला घरी कोणी सांगितली नसेल ती. सून ही कायद्याने ‘जवळची नातेवाईक’ नाही. त्या यादीत पती-पत्नी, मुलगा-मुलगी, आई-वडील, भाऊ-बहीण, आजी-आजोबा आणि नातवंडं एवढेच येतात. सुनेचं दान प्राधिकृत समितीपुढे (अशा दानाला परवानगी देणारी कायदेशीर समिती) जातं. समिती मुलाखत घेते, चित्रीकरण करते, दोन्ही बाजूंची मागच्या तीन वर्षांची आर्थिक स्थिती पाहते आणि पैशाचा व्यवहार नाही याची खात्री करते. 2014 च्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की दाता स्त्री असेल तर जास्त काळजी घ्यावी आणि तिची स्वतंत्र संमती रुग्णाव्यतिरिक्त दुसऱ्याने तपासावी. आपल्याकडे जिवंत दात्यांमध्ये स्त्रियाच अधिक असतात, तेव्हा ही अट कागदावर राहू नये.

मूत्रपिंडतज्ज्ञांना आणि समन्वयकांना एकटीने भेटा. नवरा दाराबाहेर. ‘माझी इच्छा नाही’ एवढं सांगितलंत तरी पुरे. मग रुग्णालयाने घरच्यांना ‘दाता म्हणून योग्य नाही’ इतकंच कळवावं. तुमच्या नावावर खोटा आजार लावायची गरज नाही आणि कारण सांगायला ते बांधील नाहीत. तपासण्या झाल्यावर, अगदी शस्त्रक्रियेच्या दिवशी भूल देण्याआधीही माघार घेता येते.

वैद्यकीय बाजूही समजून घ्या. एक मूत्रपिंड काढल्यावर उरलेलं वाढून एकूण क्षमतेच्या साधारण 70 टक्क्यांपर्यंत काम उचलतं. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर 3 ते 5 दिवसांत घरी सोडतात. 4 ते 6 आठवडे जड उचलायचं नाही. आयुष्यभर वर्षातून एकदा रक्तदाब, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी) आणि लघवीतली प्रथिनं तपासायची. दानानंतरच्या गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका काहीसा जास्त असतो, म्हणून तुमच्या वयात हा विषय आधी निघायला हवा.

नवरा आणि नणंद खरोखर वैद्यकीय कारणाने बाद झाले आहेत का, हेही डॉक्टरांना विचारा. नुसता रक्तगट जुळत नसेल तर जवळच्या नातेवाइकांना दुसऱ्या जोडीशी अदलाबदल करता येते. आणि सासऱ्यांचं नाव मृत दात्याच्या प्रतीक्षायादीत घातलं आहे का? रुग्णालयामार्फत विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे नोंद होते. अशी केंद्रं मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत.

प्रश्न : मी नमुना 7 भरून अवयवदानाचा संकल्प केला आहे. मुलांनी नंतर विरोध केला तर? (पुणे)

दोन साक्षीदार, त्यांपैकी एक जवळचा नातेवाईक, अशी लेखी इच्छा कायद्याने ग्राह्य आहे. तरीही शोकात असलेल्या कुटुंबाच्या विरोधात जाऊन अवयव काढायला इथलं रुग्णालय सहसा धजावत नाही, कारण ओढाताणीत बाकीच्या दहा घरांचा विश्वास जातो. तेव्हा कार्ड पाकिटात ठेवून थांबू नका. पत्नी आणि सगळी मुलं एकत्र असताना सांगा, साक्षीदार म्हणून शक्यतो सर्वांत जास्त विरोध करील त्यालाच घ्या.

प्रश्न : दानाचा खर्च कोणाचा? देह केव्हा मिळतो? अवयव कोणाला दिले ते कळतं का? (नाशिक)

मेंदूमृत्यूपर्यंतच्या उपचारांचं बिल तुमचं. संमतीनंतर दात्याची देखभाल, अवयव काढणं आणि वाहतूक यांचा खर्च कुटुंबाकडून घेता येत नाही. बिलावर तारीख आणि वेळेनुसार नोंदी मागा, गफलत तिथेच सापडते. देह ताब्यात यायला साधारण 12 ते 24 तास लागतात. अपघाताच्या केसमध्ये पोलीस आणि शवविच्छेदनाची कामं जोडीला येतात. नावं दोन्ही बाजूंना सांगितली जात नाहीत. उपकाराचं ओझं आणि पुढची देवाणघेवाण टळावी म्हणून हे बरंच आहे.

प्रश्न : घरीच मृत्यू झाला तर काय देता येतं? (रत्नागिरी)

मूत्रपिंड, यकृत, हृदय नाही. रक्तपुरवठा थांबला की ते निकामी होतात. डोळ्यांचे पारपटल (कॉर्निया, बुबुळावरचा पारदर्शक पडदा) मात्र 6 तासांच्या आत काढता येतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असली, चष्मा असला तरी चालतं. फोन नेत्रपेढीला आधी करा, नातेवाइकांना नंतर. तोवर पापण्या मिटवा, पंखा बंद करा, एसी असेल तर चालू ठेवा, डोळ्यांवर ओला कापूस ठेवा आणि डोक्याखाली उशी देऊन डोकं थोडं उंच करा. मृत्यूचा दाखला देणाऱ्या डॉक्टरांना लगेच बोलवून घ्या. पेढीची माणसं रक्ताचा नमुना घेतात, काम 20-30 मिनिटांत उरकतं आणि चेहरा विद्रूप होत नाही.